प्रतिवादी क्रमांक दोन

२ जुलै, नांदेड

लातूरहून वकीलबाईंचा फोन. प्रतिज्ञापत्र तयार आहे, या आठवड्यात येऊन सही करून जा म्हणाल्या. सुमन समोरच मेथी निवडत बसली होती. फोन कुणाचा, विचारलं नाही. आवाजावरून कळलंच असणार.

दाव्याची प्रत पुन्हा काढून बघितली. वादी निर्मला. प्रतिवादी क्र. १ दिगंबर, म्हणजे माझा मेहुणा. प्रतिवादी क्र. २ सुमन, माझी बायको. आणि वादीतर्फे साक्षीदार मी. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, एकदाही कोर्टाची पायरी चढलो नाही. चढायची वेळ आली ती अशी.

संध्याकाळी सु. भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "कुणाला चहा पाहिजे असंल तर ठेवलाय." तीन आठवडे झाले, आमच्या घरात मी 'कुणी' आहे.

४ जुलै

सकाळी फिरताना सगळं पहिल्यापासून मनात लावून बघितलं. वकीलबाईंनी सांगितलंय, घोकू नका, पण क्रम पक्का ठेवा.

आत्याबाई म्हणजे सु. आणि दिगूच्या वडिलांची बहीण. लग्न केलं नाही. लातूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. स्वतःच्या पगारातून घर बांधलं. पॅरालिसिसचा झटका आल्यावर रेणापूरची निर्मला त्यांच्याकडे आली, ती अकरा वर्षं राहिली. न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री कूस बदलणं, सगळं तिनं केलं. सु. महिन्यातून एकदा जायची. दिगू सणाला.

मृत्युपत्र सरळ होतं. माझ्यामागे घर विकावं, आलेल्या पैशातला चौथा हिस्सा निर्मलाला द्यावा, बाकी दिगू आणि सु.नं निम्मं निम्मं घ्यावं. साक्षीदार दोन, डॉक्टर आणि मी. डॉक्टर गेल्या वर्षी वारले.

आत्याबाई गेल्यावर वर्षाच्या आत दिगूनं घर विकलं. विक्रीखतावर दोघा भावंडांच्या सह्या. दहा लाख सु.च्या नावानं आले, बाकीचे मागून देतो म्हणाला. ते दहा लाख आमच्याच बँकेत मुदत ठेवीत आहेत. तेव्हा मी विचारलं होतं, निर्मलाचं काय. "देऊ की दाजी, पळून चाललो का," असं म्हणाला. दोन वर्षं वाट बघून तिनं नोटीस पाठवली. त्याला उत्तर आलं की मृत्युपत्रच खरं नाही, आत्याबाई शुद्धीत नव्हत्या.

त्या उत्तरावर सु.ची पण सही आहे.

७ जुलै, लातूर

एसटीनं. अहमदपूरला गाडी अर्धा तास उभी, टायर.

वकीलबाई वयानं लहान आहेत, पण कागद नेटका ठेवतात. प्रतिज्ञापत्र वाचायला दिलं. आत्याबाईंची बुद्धी शाबूत होती, मसुद्यातले ऱ्हस्वदीर्घ त्यांनी स्वतः लाल पेनानं सुधारले, तिथं आद्याक्षरं घातली, हे सगळं आलंय. बरं वाटलं वाचून. लाल पेन शेवटपर्यंत उशाशी असायचं त्यांच्या.

मग परिच्छेद चार. 'सदर मृत्युपत्रावर त्यांनी माझ्या व डॉक्टरांच्या समक्ष सही केली.'

इथं थांबलो.

त्या दिवशी मला अकराला बोलावलं होतं. लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम, मी पोचलो दुपारी तीनला. डॉक्टर येऊन गेले होते. आत्याबाईंची सही झालेली होती. मी खुर्ची ओढली आणि माझी केली. एवढंच.

हे वकीलबाईंना मी आजवर सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही असंही नाही. "सगळे हजर होतात ना?" असं एकदा विचारलं होतं, मी मान हलवली होती. आज बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात निर्मला आली. कुठल्याशा मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटते आता, दोन तासांची सुट्टी मागून आली होती. "साहेब, तुम्ही आलात, लई बरं झालं," एवढंच म्हणाली आणि दाराशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

सही केली. वाचून, समजून केली.

२१ जुलै

दिगू आला. न सांगता. कचोरी घेऊन. सु.ला हसताना आज कित्येक दिवसांनी पाहिलं.

जेवणं झाल्यावर मला गच्चीवर घेऊन गेला. आवाज चढवला नाही. म्हणाला, मृत्युपत्र पडलं तर ताईचाच हिस्सा वाढतो, तुमच्याच घरात येतं, तुम्ही कुणासाठी करून राहिलात हे? मी म्हटलं, आत्याबाईंनी सांगितलं होतं ते करतोय. तो कठड्याला टेकून खाली बघत राहिला. मग: "दाजी, त्या बाईला पगार दिला होता आत्यानं. महिन्याच्या महिन्याला. आणि तुम्ही तिला आमच्या रांगेत आणून बसवायलात."

रांग म्हणाला. तो शब्द मनातून जात नाही. निर्मला बौद्ध आहे, आणि सु.सुद्धा त्या घरी गेली की पाणी स्वतः माठातून घ्यायची. आत्याबाईंनी एकदा सगळ्यांसमोर निर्मलाच्या हातचा घास तोंडात धरून सु.कडं बघितलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं. मीही नाही.

जाताना दिगू पाया पडला. दर वेळेला पडतो.

५ ऑगस्ट, लातूर

साक्ष होती. दिवसभर बसलो. पाच वाजता पुकारा झाला आणि पुढची तारीख दिली. २६.

निर्मलाची साक्ष जूनमध्येच झालीय. सहीच्या वेळी कोण होतं, असं तिला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, मी स्वयंपाकघरात होते, मला सांगता येणार न्हाई. हे आज वकीलबाईंच्या कारकुनाकडून कळलं. तिनं जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं.



१९ ऑगस्ट

विष्णुपुरी धरणाचे चार दरवाजे उघडले. जुन्या सवयीनं बघायला गेलो. नवीन शाखा अभियंत्यानं ओळखलं, चहा पाजला. तासभर दुसरं काही डोक्यात नव्हतं.

घरी आल्यावर सु.ला म्हटलं, तुला एक सांगायचंय, सहीच्या दिवशी मी उशिरा... तिनं मिक्सर चालू केला. बंद झाल्यावर मी पुन्हा बोललो नाही.

२६ ऑगस्ट, लातूर. परतीच्या गाडीत लिहितोय

झालं. गाडी हलते. वाचता येईल तेवढं लिहितो.

पहाटेची एसटी. साडेअकराला पुकारा. शपथ घेतली. दिगूचा वकील वयस्कर, चष्मा नाकावर, बोलायला एकदम मऊ. आधी नोकरी, पेन्शन, लग्न कधी झालं. सुमनबाई तुमच्या कोण? प्रतिवादीच्या विरोधात साक्ष द्यायला घरातून निघताना त्यांना सांगून निघालात का? लोक हसले. मग कागद उलटत, माझी तब्येत विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी नांदेडहून किती वाजता पोचलात?"

त्याच्याकडं पुरावा काही नव्हता. सहज टाकलेला गळ होता. 'अकरा' म्हटलं असतं तर पुढच्या प्रश्नावर गेला असता.

मी मागं बघितलं. शेवटच्या बाकावर निर्मला. कोपराला पीठ तसंच. माझ्याकडं बघत होती. मग तिनं मान खाली घातली. तिला माहीत होतं मी कधी आलो ते, दार तिनंच उघडलं होतं. मी खोटं बोललो असतो तर तिच्या तोंडावर बोललो असतो, आणि ते तिला पैशासोबत जन्मभर घ्यावं लागलं असतं.

"तीन वाजता," म्हटलं.

"तेव्हा सही झालेली होती?"

"हो."

"म्हणजे तुमच्या समक्ष झाली नाही."

"नाही."

"मग प्रतिज्ञापत्रातला परिच्छेद चार खोटा आहे?"

पंखा फिरत होता. मी म्हणालो, "हो. तेवढं वाक्य खोटं आहे."

न्यायाधीशांनी वर बघितलं. स्टेनोला सांगायला लागले, 'साक्षीदार कबूल करतो की परिच्छेद चारमधील मजकूर खरा नाही.' समोरच्या पडद्यावर ते एकेक अक्षर उमटताना मी पाहिलं. वकील "दॅट्स ऑल" म्हणून बसला. दिगू सरळ माझ्याकडं बघत होता, डोळ्यांत पाणी. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी केलं.

वकीलबाईंनी दोन मिनिटं नुसते कागद चाळले. मग उठून फेरतपासात एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली. तुम्ही पोचल्यावर आत्याबाई त्या कागदाबद्दल काही बोलल्या का? समोरच्यानं हरकत घेतली. न्यायाधीशसाहेबांनी प्रश्न राहू दिला.

आणि मला ते दिसलं. खाटेला टेकून बसलेल्या, मांडीवर पाट, पाटावर कागद. डाव्या हाताचं बोट सहीवर. "केशवराव, उशीर झाला तुम्हाला. ही माझी सही. वाचून बघा आणि तुमची करा." तसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी विचारलं, हे प्रतिज्ञापत्रात का नाही? म्हटलं, आत्ता आठवलं. ते लिहून घेतलं. तेही.

बाहेर आल्यावर वकीलबाई एवढंच म्हणाल्या, साक्षीदारानं सही होताना बघितलीच पाहिजे असं नाही, करणाऱ्यानं त्याच्यापुढं सही कबूल केली तरी कायद्याला चालतं. हे तुम्ही मला जुलैत सांगितलं असतं तर हेच लिहिलं असतं. आता तुमच्या शब्दाला किती वजन राहिलं, ते साहेब ठरवणार.

निर्मला पायऱ्यांवर नव्हती.

२७ ऑगस्ट

सकाळी दिगूचा माणूस पेढे घेऊन दारात. दिगूचा फोन: "दाजी, शेवटी आपलं ते आपलं." मी म्हटलं, दिगू, ऐक. पण त्याचं चालूच. वकील म्हणतो दावा संपल्यात जमा आहे वगैरे.

सु.नं आज माझ्या ताटात स्वतः वाढलं. वांग्याचं भरीत, तीळकूट घालून. "दमलात का हो कालच्या प्रवासानं?" म्हणाली. अडीच महिन्यांनी 'हो' ऐकलं.

सांगायला पाहिजे होतं. भरीत खाल्लं.

३० ऑगस्ट

चार दिवस फोन लावतोय, निर्मला उचलत नव्हती. आज उचलला. मागं भांड्यांचा आवाज.

मी माफी मागितली. ती म्हणाली, तुम्ही तीनला आलात हे मला ठाऊकच होतं, तुम्ही खरं बोललात त्याचा राग न्हाई. "पण साहेब, कोर्टात खरंच बोलायचं होतं तर आधी कागदावर खोटं कशाला लिहून दिलंत? आता खरं बोललेलं पण खोट्यात गेलं."

तिकडून कुणीतरी हाक मारली, ठेवते म्हणाली. "जयभीम साहेब," म्हणून ठेवला. रागानंसुद्धा नाही.

३ सप्टेंबर

घरात सगळं सुरळीत. सु. बोलते, हसते, गुडघ्याचं औषध आणायला सोबत चला म्हणते. मी फसवून खातोय हे सुख.

दुसरंच एक खात बसलंय. आत्याबाई ते खरंच बोलल्या होत्या का? खाट आठवते, पाट आठवतो. बोट आठवतं. पण शब्द? वकीलबाईंनी विचारलं त्या घडीला आले, त्याआधी चार वर्षांत कधी आले नव्हते. एकदा खोटं लिहून झालेला माणूस मी. मनानंच तयार करून दिले असतील तर? निर्मलाला दार उघडल्यावर स्वयंपाकघरात जावं लागलं होतं, दूध उतू चाललं होतं. खोलीत आम्ही दोघंच. त्यातल्या एक गेल्या.

११ सप्टेंबर

दिगूला साक्षीची नक्कल मिळाली. वकिलानं फेरतपासाचं वाक्य समजावून सांगितलं असावं. फोनवर आज 'पाया पडतो'सुद्धा म्हणाला नाही.

म्हणाला, आधी हात दिला आणि मग गळा धरला. ते शेवटचं वाक्य तुम्ही घरून बनवून नेलं होतं. मी म्हटलं नाही. "मग आत्या मरून चार वर्षं झाली, तवा कसं आठवलं न्हाई? पेढे परत पाठवा म्हणत न्हाई मी. पण ताईला सांगा, तिच्या नवऱ्यानं काय केलंय ते."

सांगायची गरज पडली नाही. फोन स्पीकरवर नव्हता, पण दिगूचा आवाज खोलीभर.

सु. देवघरासमोर वाती वळत होती. वळतच राहिली.

१२ सप्टेंबर

दिवसभर अबोला. 'कुणी'सुद्धा नाही.

१३ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी सु. कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होतो, तिनं मागितले नव्हते. मीच सुरुवात केली. म्हटलं, मी परिच्छेद चार खोटा लिहिला, तो खोटा आहे असं सांगितलं, ते दिगूसाठी नव्हतं. आणि पुढचं वाक्य निर्मलासाठी नव्हतं. मला तसं आठवलं. पण खरंच घडलं का, ते माझं मलाच आता सांगता येईना.

तिनं माझा सदरा झटकला, दोरीवर टाकला. पाठमोरीच होती.

"घडलं," म्हणाली.

मग सांगत गेली: त्या दिवशी संध्याकाळी आत्याचा मला फोन आला होता, निर्मलानं लावून दिला होता. जीभ जड, पण कळत होतं. म्हणाली, तुझा नवरा तीनला उगवला. माझी सही दाखवली, ही माझी म्हटलं, मग त्याची घेतली. वाचल्याशिवाय करत नव्हता, शहाणा आहे.

मी चिमटे घेऊन उभा. चार वर्षं हिनं हे... विचारलं, तू बोलली का नाहीस? सु. वळली. रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, मला विचारलं कुणी? दिगूनं कागद पुढं केला, मी सही केली. धाकटा भाऊ, आई गेल्यावर मी वाढवलेला. वाचलं न्हाई मी. आत्या शुद्धीत नव्हती असं लिहिलं होतं हे मला तुमच्याकडून कळलं.

"तुम्ही वाचून खोटं केलं, मी न वाचता केलं. एवढाच काय तो फरक आपल्यात."

कोर्टात सांगशील का, असं विचारायचं होतं. नाही विचारलं.

१६ सप्टेंबर

वकीलबाईंना फोन, सु.चं नाव न घेता आडून विचारलं. त्यांना लगेच कळलं. म्हणाल्या, मी त्यांच्याशी एक अक्षर बोलू शकत नाही, त्या समोरच्या पक्षकार आहेत, आणि त्यांच्याशी काय बोलायचं हे मी तुम्हालाही सांगणार नाही. एवढं कुणालाही सांगते, तेच तुम्हाला: आता पाळी प्रतिवादींच्या पुराव्याची. प्रतिवादीला आपला वकील बदलता येतो. तारखेला स्वतः उभं राहून साहेबांना तसं सांगता येतं.

हे मी सु.ला जसंच्या तसं सांगितलं. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. तीन झाल्यावर गॅस बंद केला. तारीख कधी आहे, विचारलं. चोवीस म्हटलं.

२२ सप्टेंबर

दिगूचे दोन फोन, तिच्या मोबाइलवर. पहिल्यांदा बोलली, पोरांची चौकशी केली. दुसऱ्यांदा वाजू दिला.

बँकेतून आली. ठेवीची पावती बरोबर नेली होती. मोडली का, विचारलं नाही. संध्याकाळी कपाटात परत ठेवताना दिसली. नुसती विचारून आली असेल, मोडली तर किती व्याज जातं ते.

२४ सप्टेंबर, रात्री, घरी

पहाटे मी उठलो तर सु.ची आंघोळ झालेली. फिकट जांभळी साडी, आत्याबाईंनी स्वतःच्या निवृत्तीच्या वेळी दिलेली. "एक तिकीट का दोन?" असं मी विचारायच्या आत पायात चप्पल होती.

गाडीत खिडकीशी बसली. लोहा गेल्यावर बघितलं तर ओठ हलत होते. पाठ करत होती. साहेब, मी प्रतिवादी दोन. एवढंच ऐकू आलं, मग मी दुसरीकडं बघितलं.

कोर्टाच्या आवारात दिगू. बहिणीला बघून आधी खूश, मग माझ्याकडं बघून बिचकला. "ताई, तू कशाला त्रास घेतलास? वकील बघून राहिला की सगळं." सु. म्हणाली, "आले." बाकावर त्यानं सरकून जागा केली. ती बसली नाही, गुडघा दुखत असताना उभी राहिली, दोन्ही हातांनी पर्स धरून.

निर्मला स्टॅम्पवाल्याच्या टपरीपाशी होती. तिनं बघितलं, पण पुढं आली नाही. सु.च गेली. मी लांब होतो, पण ऐकू येत होतं.

"कुठं असतीस आता?"

"मेसवर, ताई. दोनशे चपात्या सकाळच्या."

"हात दुखत असतील."

"दुखतात की."

मग सु.नं विचारलं, शेवटच्या दिवशी आत्यानं काही खाल्लं होतं का. चार वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. निर्मला म्हणाली, दोन चमचे पेज, आणि साखर कमी आहे म्हणून मला बोलल्या. सु. हसली असावी, खांदा हलला. तिनं निर्मलाकडं पाण्याची बाटली मागितली. निर्मलानं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग पिशवीतून काढून दिली.

साडेअकराला शिपाई बाहेर आला. साहेब रजेवर आहेत. सगळ्यांना तारखा. आमची १४ नोव्हेंबर.

सु.ला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे आज न्हाई?" असं शिपायालाच विचारलं. तो पुढचं नाव पुकारत होता. दिगू म्हणाला, घरी चल ताई, जेवून जा. ती नको म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

परतीची एसटी. अहमदपूरला गाडी थांबली, मी खाली उतरून चहा आणला. कागदी पेला हातात धरून बसली, प्यायली नाही.

"आज बोलले असते मी," म्हणाली.

माहीत आहे म्हटलं.

"पुढच्या तारखेला बोलीनच असं धरून बसू नका. मधी दिवाळी हाय. दिगू भाऊबीजेला येणार. पोरांना घेऊन येणार." मग गाडी सुरू झाल्यावर: "आणि निर्मलाला कायबी सांगू नका. उगा आशेला लावाल."

नाही सांगणार म्हटलं.

आत्ता ती झोपली आहे. साडी घडी करून खुर्चीवर ठेवलीय, कपाटात नाही. मी १४ नोव्हेंबरच्या पानावर 'लातूर' एवढंच लिहिलं. पुढं किती जण, ते लिहिता आलं नाही.